भैरवी सुरू झाली, आणि त्याला काहीच झालं नाही

"मॅडम, मी दगड आहे का?" खुर्चीत नीट टेकण्याआधीच त्याने विचारलं. वय चौतीस, बँकेत नोकरी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील जाऊन दीड महिना झाला होता. तेराव्याला घरी भजन झालं. शेवटी भैरवीतला अभंग सुरू झाला आणि सगळं घर रडलं. बहीण तर हमसून हमसून. हा मात्र दाराशी उभा राहून चहाचे कप मोजत होता. "बापासाठी एक टिपूस नाही याच्या डोळ्यांत," असं आत्या म्हणाली. तेव्हापासून बहिणीने बोलणं टाकलं होतं.

"ज्या गाण्याने सगळे हेलावतात, त्याने मला काहीच का होत नाही?" हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. याच्या बाबतीत मला वाटलं, दुःख आत दाबलं गेलंय. दोन भेटी मी तेच उकरत बसले, आणि ती माझी चूक होती. मग सहज विचारलं, एरवी काय ऐकतोस?

तो गोंधळला. "काहीच नाही, लहानपणापासून. गाडीत बायको गाणी लावते, मला ते पंख्याच्या आवाजासारखं." गाणं उदास आहे की आनंदी, हे त्याला बरोबर ओळखता येत होतं. आत मात्र काही हलत नव्हतं.

अशा माणसांचा अभ्यास बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. संगीत ऐकताना या लोकांच्या हृदयाचे ठोके जवळजवळ बदलत नव्हते, पण पैसे जिंकायच्या खेळात त्यांचं शरीर इतरांसारखाच प्रतिसाद देत होतं. म्हणजे आनंद होण्याची यंत्रणा शाबूत, फक्त, नंतरच्या अभ्यासांनुसार, मेंदूतल्या ऐकण्याच्या केंद्राकडून तिच्याकडे जाणारी वाट क्षीण. शंभरात साधारण तीन ते पाच माणसं अशी असतात. हा आजार नाही. आधी गाण्यात रमणाऱ्याला अचानक गाणं, जेवण, माणसं सगळंच नकोसं झालं, तर गोष्ट वेगळी. ते नैराश्य असू शकतं, तेव्हा डॉक्टरांना भेटायलाच हवं.

हे ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे ताईला सांगाल?"

चौथ्या भेटीला ती आली. तिच्या रडण्याचं मूळही मला त्याच दिवशी कळलं. आईची सकाळपाळी असायची, त्यामुळे शाळेसाठी तिच्या वेण्या बाबा घालत. खोबरेल तेल, जरा जास्तच घट्ट ओढलेले पेड, आणि गुणगुणणं तोच अभंग. धाकटा तेव्हा झोपलेला असायचा. तिच्यासाठी त्या सुरांत बाबांचे हात होते. त्याच अभंगाला तिसरं कोणी रडलं असेल, तर ते आपल्या वेगळ्याच आठवणीने.

"मग तुला बाबांची आठवण येते तरी कशाने?" तिने जरा चिडूनच विचारलं.

त्याने पिशवीतून घरचं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. रोजच्या चौकोनात बाबांच्या अक्षरात दुधाचा हिशेब होता: १ लि., १ लि., दीड. सतरा तारखेपर्यंत. अठराचा चौकोन कोरा. त्यावर बोट ठेवलं आणि त्याला पुढे बोलता येईना.

बहिणीने खुर्ची त्याच्या जवळ ओढली. "आणि हा दीड कशाचा रे?"

"तू आली होतीस त्या दिवशी," तो म्हणाला.