वाचकांचे प्रश्न : ब्रेक सोडला तरी चाक सुटेना

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मोटार रत्नागिरीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उघड्यावर उभी असते. तीन आठवड्यांपूर्वी पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड बदलून घेतले. त्यानंतर कोल्हापूरहून परतताना आंबा घाट उतरून साखरप्याजवळ आलो, तेव्हा जळका वास येऊ लागला. पुढचे डावे चाक इतके तापले होते की जवळ हात नेववत नव्हता, म्हणून त्यावर बाटलीभर पाणी ओतले. आता गाडी डावीकडे ओढते. गॅरेजवाले म्हणतात की कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारी पकड) जाम आहे, पूर्ण असेंब्लीच बदला. दोष नव्या पॅडचा असेल का?

उत्तर : पॅड बहुधा निर्दोष आहेत, मात्र ते बदलण्याच्या कामातूनच हे दुखणे वर आले असण्याचा संभव मोठा आहे. पॅड झिजत जातात तसा कॅलिपरमधला पिस्टन हळूहळू बाहेर सरकतो, आणि त्याचा बाहेर आलेला भाग केवळ एका पातळ रबरी बुटाच्या, म्हणजे टोपणाच्या, आडोशाला राहतो. हा बूट कुठे चिरला असेल तर खारी हवा आणि पावसाचे पाणी आत शिरून पिस्टनवर गंज चढतो, पण तो भाग पिस्टनभोवतीच्या रबरी सीलच्या बाहेर असल्यामुळे एरवी काहीच जाणवत नाही. नवे जाड पॅड बसवण्यासाठी पिस्टन मागे दाबला, की तोच गंजलेला भाग सीलमध्ये जातो. पायाखालचा ब्रेक सोडल्यावर पिस्टन मागे घेणारी स्प्रिंग या कॅलिपरमध्ये नसते. चौकोनी छेदाचे ते रबरी सील दाबाखाली किंचित वाकते आणि दाब सुटल्यावर पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. एवढ्याशा ओढीला थोडा गंजही भारी पडतो.

तरीही असेंब्लीची ऑर्डर देण्यापूर्वी एक तपासणी आपल्यासमोर करून घ्यावी. चाक उचलून गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, टेकवावी (केवळ जॅकवर कदापि नाही), ब्रेक चार-पाच वेळा दाबून सोडावा आणि चाक हाताने फिरवून पाहावे. ते जड फिरत असेल तर ब्लीडिंगचा निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढण्यासाठीचा कॅलिपरवरचा स्क्रू) पाऊण आटा सैल करावा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर कॅलिपर ठीक असून दाब मागे कुठेतरी अडकलेला आहे. अशा वेळी संशय आधी कॅलिपरपर्यंत ऑइल नेणाऱ्या रबरी होस पाइपवर घ्यावा, कारण जुना पाइप बाहेरून धडधाकट दिसला तरी आतून फुगून बंद होतो आणि पायाच्या जोराने ऑइल पुढे जाऊ देतो, पण मागे येऊ देत नाही. निपल सोडूनही चाक तसेच अडून राहिले, तर मात्र दोष कॅलिपरमध्येच आहे.

त्यातही पिस्टन की पिना, हे आधी पाहावे. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या हाताने आत-बाहेर व्हायला हव्यात. त्या अडकल्या असतील, तर बहुधा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा लवकर झिजतो. हे निघाले तर आपण स्वस्तात सुटलात: पिना साफ करून, बूट नवे घालून, ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावले की काम झाले. नेहमीचे बेअरिंगचे ग्रीस मात्र लावू देऊ नये. त्याने बुटांचे रबर फुगते आणि काही महिन्यांत पिना पुन्हा अडकतात. पिस्टन साफ करताना पेट्रोल वा डिझेल वापरणेही याच कारणासाठी वर्ज्य आहे.

पिस्टनवर खड्डे पडले असतील, तर पॉलिश पेपर मारून तोच परत बसवण्याची सूचना नाकारावी. पोलादी पिस्टनवरचा क्रोमचा मुलामा एकदा गेला की गंज झपाट्याने येतो. नवा पिस्टन आणि सील किट मिळत असेल व कॅलिपरची आतली भिंत गुळगुळीत असेल, तर तेवढेच बदलणे पुरेसे आहे; भिंतीलाच खड्डे असतील तर गॅरेजवाल्यांचे म्हणणे रास्त मानावे. काम चालू असताना कॅलिपर होस पाइपवर लोंबकळत ठेवलेला दिसला, तर तारेने बांधायला सांगावे.

तापलेल्या डिस्कवर पाणी ओतणे ही चूक झाली. त्याने डिस्क वाकडी होऊ शकते, क्वचित तडकतेही. आता ब्रेक दाबताना पायाला थरथर जाणवते का, डिस्कवर निळसर डाग आहेत का, हे पाहावे, आणि जाडी तिच्यावरच कोरलेल्या किमान आकड्याखाली गेली असेल तर दोन्ही बाजूंच्या डिस्क बदलाव्यात. जळालेले पॅडही पुन्हा वापरू नयेत. ब्रेक ऑइल तर बदलावेच. ते हवेतली ओल शोषून घेते. डॉट 4 प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, पण ओल मुरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा 155 अंशांवर येते. घाटात ते उकळले, तर पाय थेट तळाला टेकतो. दुरुस्ती होईपर्यंत ही गाडी आंबा घाटात नेऊ नये.

प्रश्न : पावसाळ्यात महिनाभर हँडब्रेक लावून ठेवलेली गाडी आता हलत नाही. मागे ड्रम ब्रेक आहेत. जोराने क्लच सोडावा का?

उत्तर : जोर करू नये. ब्रेक शू (ड्रमला आतून दाबणारी कमान) गंजाने ड्रमला धरला आहे, आणि हिसका दिल्यास त्यावरचे लायनर, म्हणजे घासणारे अस्तर, उखडून ड्रममध्ये अडकेल. हँडब्रेक सोडून गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्ये आळीपाळीने अगदी हळू पुढे-मागे करावी. ‘टक’ असा आवाज होऊन चाक सुटले, तर प्रश्न मिटला. न सुटल्यास चाक काढून ड्रमच्या कडेवर लाकडी हातोडीने गोलाकार ठोकावे. बऱ्याच ड्रमना आटे असलेली दोन भोके असतात, त्यांत बोल्ट सारखे आवळत गेल्यास ड्रम सरळ बाहेर येतो. आतली भुकटी फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. पुढच्या पावसाळ्यात हँडब्रेक न लावता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून विटा लावाव्यात.