एनएचएसच्या (ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या) आधी लंडनच्या उपनगरांत बाळंतिणीला आणि बाळाला कोणत्या सरकारी सेवा मिळत?

तुम्ही विचारलंय की १९२०-३०च्या दशकांत लंडनबाहेरच्या नव्या वस्तीत मूल जन्मलं, तर सरकारकडून काय मिळायचं, कारण एनएचएस तर १९४८चं.

बरंच मिळायचं. मात्र सल्ला फुकट आणि औषधोपचार बहुधा विकत, ही मेख आधी ध्यानात घ्या.

एसेक्समधली बेकनट्री वसाहत पाहा. लंडन काउंटी कौन्सिलने (लंडनचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने) १९२१पासून तिथे सुमारे २६,००० घरं बांधली. जागा मात्र कौन्सिलच्या हद्दीबाहेरची, बार्किंग, डॅगनम आणि इलफर्डमध्ये विभागलेली. घरमालक लंडनचा आणि आरोग्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर! दहा वर्षांत डॅगनमची वस्ती सुमारे नऊ हजारांवरून नव्वद हजारांच्या घरात गेली, तेव्हा त्या छोट्या संस्थेची किती ओढाताण झाली असेल बघा.

जन्माची खबर ३६ तासांत आरोग्य अधिकाऱ्याला देणं १९१५पासून देशभर सक्तीचं होतं. सुईण साधारण दहा दिवस घरी यायची. ती थांबली की हेल्थ व्हिजिटर (घरोघरी जाऊन बाळाची पाहणी करणारी आरोग्यसेविका) येऊन बाळाचं दूध, बेंबी, डोळे, घरातली हवा पाहायची. पुढे शिशुकल्याण केंद्र, बरेचदा चर्चच्या हॉलमध्येच भरायचं. बाळाचे कपडे उतरवून त्याला तराजूत ठेवत, वजन पौंड-औंसांत कार्डावर लिहीत आणि मागच्या आकड्याशी ताडून पाहत. वाढ अडली असेल तर डॉक्टरांपुढे नेत. दुधाची पावडर खरेदीच्या भावात मिळे, गरिबांना मोफत.

घोडं अडायचं ते इथून पुढे. केंद्रातले डॉक्टर तपासत, पण उपचार करत नसत, कारण खासगी डॉक्टरांचा आपल्या व्यवसायावर गदा येण्याला विरोध होता. १९११चा आरोग्य विमा कमावत्या माणसाचा, बायको-मुलं त्याबाहेर. म्हणजे बाळाला खोकला झाला की फी भरून डॉक्टर गाठायचा. विमाधारकाच्या बायकोला बाळंतपणासाठी १९२०पासून ४० शिलिंग मिळत, तेवढाच आधार. सुईणीने अडचणीत डॉक्टर बोलावला तर १९१८च्या कायद्याने त्याची फी स्थानिक संस्था भरायची, पण ऐपत असल्यास ती घरच्यांकडून वसूल करू शकायची.

परिणाम आकड्यांत दिसतो. इंग्लंड-वेल्समध्ये बालमृत्यू १९२०मध्ये हजारी ८० होते, १९३८मध्ये ५३. बाळंतिणींचे मृत्यू मात्र १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत हजारी चारच्या आसपासच राहिले. वजनकाट्याने प्रसूतीनंतरचा जंतुसंसर्ग थांबत नाही! जंतुसंसर्गावरची सल्फा औषधं आली आणि १९३६च्या कायद्याने पगारी सुईणी नेमणं बंधनकारक झालं, तेव्हा चित्र पालटू लागलं.

अगदीच हलाखी असेल तर आधी रॉमफर्ड युनियनच्या (गरिबांच्या मदतीसाठी केलेल्या गावांच्या गटाच्या) गार्डियन मंडळाकडे जावं लागे, १ एप्रिल १९३०पासून काउंटीच्या (जिल्ह्याच्या) पब्लिक असिस्टन्स म्हणजे सार्वजनिक मदत समितीकडे.

खोलात जायचं असेल तर आरोग्य अधिकाऱ्यांचे वार्षिक अहवाल वाचा. डॅगनमसारख्या ठिकाणचा ढोबळ मृत्युदर (सगळ्या वयांचा मिळून) कमी दिसला म्हणून हुरळू नका. तिथे तरुण जोडपी जास्त, म्हातारी माणसं कमी. शिवाय दोन जनगणनांच्या मधली लोकसंख्या अंदाजाने धरलेली असते. बालमृत्यूचा दर जिवंत जन्मांवर काढतात, म्हणून तुलनेसाठी तोच घ्या.