मार्टिन ल्यूथर किंग यांच्या लढ्यापर्यंत गांधीजींचा सत्याग्रह नेमका पोचला कसा? पुस्तकांतून की माणसांमार्फत?

दोन्ही मार्गांनी. किंग धर्मशास्त्र शिकत असताना हॉवर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष मॉर्डेकाय जॉन्सन यांचं गांधीजींवरचं भाषण ऐकून झपाटले आणि मग त्यांनी पुस्तकं मिळवून वाचली. 1956 मध्ये अहिंसक लढ्याचे जुने कार्यकर्ते बेयार्ड रस्टिन अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात किंग यांच्या मदतीला गेले. 1959 मध्ये किंग स्वतः महिनाभर भारतात फिरले, मुंबईत मणिभवनात राहिले. पण मी नागपूरची आहे, तेव्हा मी नागपुरातून गेलेल्या वाटेबद्दल लिहिते. ती सगळ्यात कमी ठाऊक आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त कामाची ठरली.

त्या माणसाचं नाव जेम्स लॉसन. जन्म 1928 चा, वडील मेथडिस्ट पाद्री, लहानपण ओहायोमधल्या मॅसिलन गावात गेलं. शाळकरी वयात एका गोऱ्या मुलाने वर्णावरून शिवी दिली म्हणून त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली आणि घरी येऊन आईला सांगितलं. आई रागावली नाही. एवढंच विचारलं, की त्याने काय साधलं? लॉसन ही गोष्ट म्हातारपणापर्यंत सांगत राहिले.

कोरियाच्या युद्धाच्या वेळी सक्तीच्या सैन्यभरतीला त्यांनी नकार दिला. पाद्री होण्याचं शिक्षण घेणाऱ्यांना सवलत मिळत असे, पण तीही त्यांनी मागितली नाही आणि तेरा महिने तुरुंगात काढले. सुटल्यावर 1953 मध्ये ते मिशनरी म्हणून नागपूरला आले, आमच्या सिव्हिल लाइन्समधल्या हिस्लॉप कॉलेजात. तिथे ते शिकवायचे आणि मुलांकडून खेळांचा सराव करून घ्यायचे. गांधीजींना जाऊन पाच-सहाच वर्षं झाली होती. त्यांच्यासोबत काम केलेली माणसं हयात होती. लॉसन त्यांना भेटले, सत्याग्रहाची आखणी कशी होते ते समजून घेतलं. डिसेंबर 1955 मध्ये नागपुरातल्याच एका वर्तमानपत्रात त्यांनी माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची (काळ्या प्रवाशांना वेगळं बसवणाऱ्या बसवर किंग यांच्या नेतृत्वाखाली टाकलेल्या बहिष्काराची) बातमी वाचली आणि आनंदाने अक्षरशः उडी मारली.

अमेरिकेत परतल्यावर, फेब्रुवारी 1957 मध्ये, ओबरलिन कॉलेजात त्यांची किंग यांच्याशी गाठ पडली. दोघेही 28 वर्षांचे. लॉसन म्हणाले, शिक्षण संपलं की वर्णभेदाचे कायदे असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांत यायचा विचार आहे. किंग म्हणाले, थांबू नका, आत्ताच या. लॉसन पुढच्याच वर्षी दक्षिणेतल्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिलला मुक्कामाला गेले.

खरी गोष्ट इथे सुरू होते. मराठीत तालीम म्हणजे पहिलवानांचा आखाडाही आणि नाटकाचा सरावही. नॅशव्हिलमधल्या एका चर्चच्या तळघरात लॉसन यांनी जे चालवलं ते दोन्ही अर्थांनी तालीमच होतं. कॉलेजची मुलं-मुली संध्याकाळी जमायची. काही जण गोरे गुंड व्हायचे, बाकीचे खानावळीच्या बाकावर बसल्यासारखे बसायचे. मग शिव्या, ढकलाढकल, खुर्चीवरून खाली ओढणं. पडल्यावर डोकं कसं झाकायचं, शेजारच्यावर फटके पडत असतील तर आपण मध्ये कसं यायचं, मारणाऱ्याच्या नजरेला नजर कशी द्यायची, हे पुन्हा पुन्हा घटवून घेतलं जायचं. अहिंसा हा स्वभावाचा गुण आहे, काहींच्या अंगी असतो आणि काहींच्या नसतो, असं आपण धरून चालतो. लॉसन यांनी ती शिकवण्याची गोष्ट मानली. मैदानावर मुलं घडवलेल्या माणसालाच हे सुचू शकतं असं मला वाटतं.

तेव्हा नॅशव्हिलच्या मोठ्या दुकानांत काळ्या माणसाने वस्तू विकत घ्यायला कुणाची हरकत नव्हती, पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसायची बंदी होती. 13 फेब्रुवारी 1960 ला शंभरावर विद्यार्थी नीटनेटके कपडे घालून, पुस्तकं घेऊन तिथे जाऊन बसले. (मला इथे 1927 चं महाड आठवल्याशिवाय राहत नाही. पाणी पिणं, जेवायला बसणं, इतकी साधी कृती. तिथेही नंतर मारहाण झाली आणि बाबासाहेबांनी आपल्या माणसांना हात उचलण्यापासून आवरलं.) दोन आठवड्यांनी जमावाने विद्यार्थ्यांना बदडलं आणि पोलिसांनी अटक केली ती मार खाणाऱ्यांनाच, 81 जणांना. एक तुकडी गाडीत कोंबली की दुसरी येऊन त्याच जागांवर बसायची. हे आयत्या वेळी सुचत नसतं.

लॉसन तेव्हा नॅशव्हिलच्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकत होते. मार्चमध्ये विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं. एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांचे वकील लूबी यांच्या घरावर बाँब पडला. त्याच दिवशी हजारो लोक एक शब्दही न बोलता महापौरांच्या कचेरीवर चालत गेले. डायान नॅश या विद्यार्थिनीने महापौर बेन वेस्ट यांना सगळ्यांसमोर विचारलं, की हा भेदभाव तुम्हाला योग्य वाटतो का? त्यांना 'नाही' म्हणावं लागलं. 10 मेपासून ते काउंटर सगळ्यांसाठी उघडले.

त्या तळघरातून कोण कोण निघालं पाहा: डायान नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट, जेम्स बेव्हल. 1961 च्या फ्रीडम राइड्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या बसमधला वर्णभेद मोडायला काळ्या-गोऱ्यांनी मिळून केलेले प्रवास, बाँब आणि मारहाणीमुळे थांबायच्या बेतात असताना नॅशव्हिलच्याच मुलांनी त्या पुढे चालू ठेवल्या. 1965 मध्ये मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चात, अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर, लाठ्या झेलणाऱ्या पहिल्या रांगेत लुईस होते.

1968 मध्ये मेम्फिसमध्ये कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन सफाई कामगार मेले आणि तेराशे कामगारांनी संप केला. लॉसन तेव्हा तिथे पाद्री होते. त्यांनीच किंग यांना बोलावलं. 4 एप्रिलला किंग यांची हत्या तिथेच झाली. बोलावणं आपलं होतं, हे ओझं कसं पेललं असेल त्यांनी? संप मात्र त्यांनी सोडला नाही. 16 एप्रिलला कामगारांच्या मागण्या मान्य झाल्या. पुढे ते लॉस एंजेलिसला गेले आणि नव्वदी गाठेपर्यंत तिथल्या तरुणांना अहिंसेचे धडे देत राहिले. व्हँडरबिल्टनेही 2006 मध्ये त्यांना प्राध्यापक म्हणून परत बोलावलं आणि ते गेले.

मला हे नाव कळलं ते जुलै 2020 मध्ये. जॉन लुईस यांच्या अंत्यविधीचं प्रक्षेपण पाहत होते. 91 वर्षांचे लॉसन आपल्या विद्यार्थ्याला निरोप द्यायला उभे राहिले. हे कोण म्हणून शोधलं, तर पहिल्याच परिच्छेदात नागपूर! ज्या कॉलेजवरून मी वर्षानुवर्षं ये-जा केली तेच. जून 2024 मध्ये तेही गेले.

नागपूरकर कुणी हे वाचत असतील तर एक विनंती. 1953 ते 56 मध्ये हिस्लॉपला शिकलेलं तुमच्या घरात कुणी असेल, तर त्यांना या अमेरिकन सरांबद्दल जरूर विचारा आणि जे आठवेल ते इथे लिहा.