खोटी वाटेल पण शंभर टक्के खरी आहे, अशी निसर्गातली एखादी गोष्ट सांगाल का?

डायनासोर गवत खायचे. आणि हे जगाला कळलं ते आमच्या विदर्भात सापडलेल्या त्यांच्या शेणावरून.

मी नागपूरकर, त्यामुळे ही गोष्ट मला जरा जास्तच जवळची आहे. नागपूरहून चंद्रपूरच्या रस्त्याला लागलं की वरोरा लागतं. त्या तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शिवारात जे गोटे मिळतात, त्यांतले काही म्हणजे दगड झालेलं शेण. नागपुरात सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या दगडाची आहे, तो थिजलेला लाव्हा. पिसदुऱ्याचा थर त्या लाव्ह्याच्याही आधीचा, ६.६ कोटी वर्षांहून जुना. टायटॅनोसॉर या लांब मानेच्या अजस्र डायनासोरांची हाडंही त्याच भागात निघाली आहेत, म्हणून शेण त्यांचंच असावं असं मानतात.

२००५ सालापर्यंत शास्त्रज्ञांचा समज होता की डायनासोर संपले आणि मग कुठे गवताचा पसारा सुरू झाला. जुन्या चित्रांत डायनासोरांच्या पायाखाली नेचे दिसतात, गवत नाही, ते त्यामुळेच. त्या वर्षी वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी पिसदुऱ्याच्या शेणात किमान पाच प्रकारच्या गवतांचा पुरावा दाखवला. त्यात भात आणि बांबू यांच्या नात्यातली गवतंही होती!

आता तुम्ही विचाराल, एवढ्या काळात गवत टिकलं कसं? गवत नाही टिकलं, त्यातली वाळू टिकली. झाड मुळातून पाणी ओढतं, त्यासोबत विरघळलेली सिलिका, म्हणजे वाळू ज्याची बनते तो पदार्थ, वर येते आणि पेशींमध्ये घट्ट होऊन बसते. ज्वारीच्या पात्याच्या कडेवरून बोट फिरवून बघा. बुडाकडून शेंड्याकडे गेलं तर गुळगुळीत लागतं, उलटं फिरवलं तर कापतं. त्या बारीक दातऱ्यांना धार असते ती सिलिकेची. भंडारा-गोंदियाकडे राइस मिलमध्ये धानाचं फोलपट जाळल्यावर जी राख उरते, तीही बहुतांश सिलिकाच. पेशीत बसलेल्या या कणांना फायटोलिथ म्हणतात. ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे असतात आणि प्रत्येक कुळात त्यांची घडण वेगळी. म्हणून पान कुजलं, पचलं, तरी सूक्ष्मदर्शकाखाली हा कण बघून कुळ ओळखता येतं.

शेणात ताड-माड, सूचिपर्णी आणि इतर झाडांचेही कण होते. म्हणजे हे प्राणी नुसत्या गवतावर जगत नव्हते, समोर येईल ते ओरबाडत होते. त्याच चंद्रपूर जिल्ह्यात आज ताडोबातले रानगवे बांबूची पानं खातात, हे आठवलं की मला दर वेळी भारी वाटतं.

पुढे २०११ मध्ये याच शेणातल्या कणांवरून भाताच्या थेट कुळाचा पुरावाही मांडला गेला. त्या डायनासोरांच्या काळी आपला भूभाग आशियाला जोडलेलाच नव्हता, विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. आणखी एक जुनं कोडं हलकं झालं. त्या काळच्या काही छोट्या सस्तन प्राण्यांचे दात उंच होते, गवत चघळणाऱ्या जनावरांसारखे. गवतच नव्हतं तर असे दात कशाला? आता ते गवत खात असावेत, असं म्हणायला जागा आहे.

पिसदुऱ्याला कधी गेलात तर एक विनंती. गोटा आठवण म्हणून खिशात घालू नका. तो नेमका कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होता, यावरच त्याचं वय आणि मालक ठरतो. घरच्या शोकेसमध्ये गेला की तो अभ्यासाच्या दृष्टीने साधा दगड होतो. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि नागपुरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा.