बी.एड. करतोय. शिक्षक झाल्यावर सोशल मीडिया आणि वर्गातलं तंत्रज्ञान कितपत वापरावं?

माझं मत थोडक्यात सांगतो: वर्गात फोन एकच असावा, शिक्षकाचा. मुलांच्या हाती फोन न देताही बरंच काही साधतं.

आधी व्हॉट्सॲप. पालकांचा ग्रुप काढलात तर पहिल्याच दिवशी ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवतील’ ही सेटिंग लावा, नाहीतर सुप्रभातच्या फुलांखाली सूचना गाडल्या जातात. तरीही साध्या ग्रुपात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि अनेक आयांना ते नको असतं. त्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट बरी, त्यात संदेश प्रत्येकाला वेगळा जातो आणि एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात. गोम एवढीच, की ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना संदेश पोचतच नाही, आणि तुम्ही मात्र सगळ्यांना कळवलं या समजुतीत राहता. म्हणून पहिल्या पालकसभेतच नंबर सेव्ह करून घ्या.

बऱ्याच घरांत फोन एकच असतो आणि तोही दिवसभर वडिलांबरोबर कामावर. त्यामुळे गृहपाठ वहीतच लिहून द्यायचा. ज्या पालकांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज. मुलांचे फोटो टाकण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. गुणांची किंवा थकलेल्या फीची यादी तिथे कधीच टाकू नका. विद्यार्थ्यांच्या इन्स्टाग्राम रिक्वेस्टही स्वीकारू नका, मग तो कितीही गुणी मुलगा असो.

आता तास. नव्या शिक्षकानं सगळ्यात आधी प्लिकर्स हे वर्गात झटपट प्रश्न विचारून उत्तरं तपासायचं ॲप शिकावं असं मला वाटतं. प्रत्येक मुलाला क्रमांक असलेलं, काळ्या आकृतीचं एक कागदी कार्ड मिळतं. चार बाजूंना चार पर्यायांची बारीक अक्षरं असतात. उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं, तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. कोणाचं काय चुकलं ते लगेच दिसतं. प्रत्येक कार्डावरची आकृती वेगळी, म्हणून शेजाऱ्याचं बघून काही उपयोग नाही. बिघडतं ते दोन ठिकाणी. कार्डं टिकावीत म्हणून चकचकीत लॅमिनेशन केलं की खिडकीचा उजेड परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही. त्यापेक्षा जाड साध्या कागदावर छापा. दुसरं म्हणजे मुलांची बोटं आकृतीवर येतात. कडेला धरायची सवय एकदा लावावी लागते.

व्हिडिओ दाखवायचा तर तीन-चार मिनिटांचाच, आणि मध्ये थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ विचारायचं. यूट्यूबवर ऐन वेळी जाहिरात लागते, रेंज जाते. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर स्कॅन करून हवा तो भाग घरूनच डाउनलोड करून आणा. प्रोजेक्टर असेल तर वेगळा स्पीकर जोडा. त्याच्या स्वतःच्या आवाजात शेवटच्या बाकाला काही ऐकू येत नाही.

स्मार्ट बोर्ड शाळेत असेल तर वापरा, पण वीज गेली तर तोच पाठ खडू-फळ्यावर कसा घ्यायचा ते पाठ-टाचणात आधीच लिहून ठेवा.