फुलांवर पाय कशाला द्यायचा?

पत्र असं आहे, थोडं कापून देतेय.

"ताई, आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहतो. माझ्या धाकट्या दिराचं लग्न बारा दिवसांवर आलंय, मुलगी इंग्लिश आहे, लग्न त्यांच्या गावच्या चर्चमध्ये. माझी सहा वर्षांची लेक फ्लॉवर गर्ल आहे, आणि होणाऱ्या जावेची चार वर्षांची भाची दुसरी. [इथे फ्रॉकबद्दल चौदा ओळी होत्या.] परवा रिहर्सलला सगळ्यांसमोर शोभा झाली. माझी लेक बास्केटमधल्या पाकळ्या टाकत निम्म्यापर्यंत छान गेली, मग मागे वळून पाहिलं आणि खाली बसून पाकळ्या गोळा करायला लागली. उठेचना. मागच्या ब्राइड्समेड्स थांबून राहिल्या. जाऊ हसून म्हणाली, नको असेल तर राहू दे, माझी भाची एकटी करेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीत विचारलं तर म्हणते, त्यांच्यावर पाय का दिला? मी म्हटलं ड्रामा नको. (सासूबाई पाच महिने सांगलीहून आल्यात, त्यांनी तिला रोज देवाचं निर्माल्य बागेत नेऊन ठेवायची ड्यूटी दिलीय, त्यामुळे डोक्यात काहीतरी बसलंय. असो.) इथली शेकडो वर्षांची पद्धत आहे, आपल्यामुळे मोडायला नको. तिला कसं तयार करू? आयपॅडचं कबूल केलंय, तरी गप्पच आहे. की दिराला सांगू की जावेने माझ्या मुलीला असं बाजूला काढणं बरोबर नाही?
— वैतागलेली आई"

अगं, चौदा ओळी. मोजल्या मी. आयव्हरी की ऑफव्हाइट, मागचा बो सॅटिनचा की नेटचा, साइझ मोठी निघाली म्हणून परत पाठवला, कुरियर उशिरा आलं, सगळं सविस्तर. आणि ज्या एका वाक्यात तुझं अख्खं पत्र आहे ते तू कंसात टाकलंस आणि वर "असो" लिहून मोकळी झालीस. असो काय असो? तिथंच थांबायचं होतं की.

जरा तिच्या जागेवरून बघ. पाच महिने रोज सकाळी आजी कालची फुलं ओंजळीत देते, ती बागेत घेऊन जायची, झाडाच्या बुंध्याशी ठेवायची, कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, चुकून पाय लागला तर नमस्कार करायचा. पोरीने ते मनापासून केलंय, थंडीत पण गेली असेल. आणि मग एक दिवस चर्चमध्ये कोणीतरी तिच्या हातात फुलांची बास्केट देतं आणि सांगतं चालत चालत खाली टाक. तिने तेही केलं, शहाण्यासारखं केलं, निम्म्यापर्यंत तूच म्हणतेस छान गेली. मग मागे वळून बघते तर हिल्स घातलेल्या बायका त्याच फुलांवरून येतायत. आता सहा वर्षांच्या माणसाने काय करायचं? तिने ती उचलायला घेतली. तुझ्या घरात तिला जे शिकवलं तेच तिने केलं, फक्त परक्या चर्चमध्ये केलं म्हणून तुला लाज वाटली.

आणि ती भिऊन बसली नव्हती हे पण लक्षात घे. स्टेजफ्राइट वगैरे काही नाही. लाजणारं पोर आईच्या पायाला येऊन चिकटतं, हे पोर कामाला लागलं होतं. नंतर गाडीत तिने सरळ प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न चांगला होता, मोठ्या माणसाला पण पटकन उत्तर देता येणार नाही इतका चांगला, आणि तू म्हणालीस ड्रामा नको. मग ती गप्प झाली. त्यावर आता आयपॅडचं आमिष. ती रागाने गप्प नाहीये गं, उत्तराची वाट बघतेय.

सासूबाईंकडे बोट दाखवू नकोस, हे वाचून तू लगेच तेच करणार आहेस म्हणून आधीच सांगते.

आता ती तुझी शेकडो वर्षांची पद्धत. कुठली म्हणे? कारण मी जितकं वाचलंय त्यात ही पद्धत दर थोड्या दिवसांनी कपडे बदलते. जुन्या रोममध्ये नवरीबरोबर मुली नव्हत्याच, तीन मुलगे असायचे, दोघं तिचे हात धरून आणि तिसरा पुढे मशाल घेऊन, आणि अट अशी की त्या मुलांचे आईवडील दोघंही हयात पाहिजेत. (आपल्याकडे ओटी भरायला सुवासिनीच लागते ना, तसलंच ते, माणसं सगळीकडे सारखीच.) सोळाव्या शतकातल्या इंग्लंडात, म्हणजे तू राहतेस त्याच मुलखात, नवरीला चर्चला नेणारे दोन छोटे मुलगे, त्यांच्या रेशमी बाह्यांना रोझमेरी (सुवासिक पाल्याचं झुडूप) बांधलेली, आणि नवरीच्या पुढे सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा पेला न्यायचे, त्यात रोझमेरीची फांदी. फांदी पेल्यात, मिरवत. वाटेवर लव्हाळी आणि फुलं अंथरायची रीतही होती, नाही असं नाही, पण तेवढीच एक रीत होती असंही नाही.

पुढे 10 फेब्रुवारी 1840 ला व्हिक्टोरिया राणीचं लग्न झालं, पांढऱ्या ड्रेसचं वेड त्यानंतर वाढलं ते लग्न. तिच्या मागे बारा जणी होत्या, चांगल्या मोठ्या, उमरावांच्या मुली, आणि त्यांचं काम ड्रेसचा लांबलचक झोल उचलून धरायचं. पण बारा जणींना झोल पुरेना, त्यामुळे सगळ्या एकमेकींच्या पायात येत, ठेचकाळत चालल्या. ही राजघराण्याची परंपरा बरं का, तुझी लेक फक्त खाली बसली.

आणि अगदी आत्ताचं घे. 29 एप्रिल 2011, विल्यम आणि केटचं लग्न, बाल्कनीत ते दोघं किस करतायत आणि शेजारी तीन वर्षांची एक चिमुरडी, डोक्यावर फुलांचं कडं, दोन्ही कानांवर हात दाबून, तोंड वाकडं करून उभी. तो फोटो जगभर गेला. इतर पोरी अगदी सांगितल्यासारखं गोड वागल्या असतील, त्यांचे चेहरे आठवतात का तुला? मला नाही आठवत. (आणि 2018 च्या विंडसरच्या हॅरी-मेगनच्या लग्नाआधी या चिमुरड्यांच्या फ्रॉकवरून केट आणि मेगन या जावाजावांत रडारड झाली, कोण कुणामुळे रडलं यावर हॅरी-मेगनच्या 2021 च्या त्या गाजलेल्या मुलाखतीत चर्चा झाली. राजवाड्यात ही अवस्था. म्हणून म्हणते, फ्रॉक आणि जाऊ हे दोन विषय एकाच पत्रात आणू नये माणसाने.)

तर मोडायला काही मोडत नाहीये. शिवाय कित्येक चर्चमध्ये आत पाकळ्या टाकायला परवानगीच नसते, फरशीवर डाग पडतात, माणसं घसरतात, नंतर झाडणार कोण. तुमच्या चर्चचा नियम काय ते तरी कोणी विचारलंय का?

आणखी एक, तू पत्रात शेवटी लिहिलंयस (तेही मी कापलं) की "इकडच्यांना मी सांगितलं, फ्लॉवर गर्ल म्हणजे आमची करवलीच". नाही गं, तसं नाही. करवलीच्या हातात करा असतो, पाण्याने भरलेला, वर नारळ, नाहीतर दिवा असतो, आणि ती नवरीच्या मागे तो सांभाळत उभी राहते, सांडायचं नाही, विझवायचं नाही. काही टाकत नाही, सांभाळते. आणि तिला मान असतो, तिला काहीतरी द्यावं लागतं, ती रुसली तर चार मोठी माणसं समजूत काढायला जातात, तो तिचा हक्क समजतात. फ्लॉवर गर्लला बिचारीला एवढंच सांगितलेलं असतं की गोड दिस. तू लेकीला करवली म्हणालीस आणि ती रुसल्यावर आयपॅड दाखवलास, हे कसं काय?

मी सात वर्षांची असताना कराडला माझ्या आतेबहिणीच्या लग्नात करवली होते. परकर-पोलकं, हातात करा, नारळ सारखा डुगडुगत होता. मंगलाष्टकं चालली होती, सावधान म्हटलं की अक्षता, सावधान म्हटलं की अक्षता, आणि माझ्या पायाखाली सगळा तांदूळ. घरी ताटात एक शीत राहिलं तरी आजोबा उठू द्यायचे नाहीत. मी आत्याला विचारलं, हे अन्न आहे ना, मग आपण याच्यावर का उभे आहोत. आत्याने माझ्या तोंडात अख्खा बुंदीचा लाडू कोंबला. अजून उत्तर मिळालेलं नाही, साठी उलटली. त्यामुळे इंग्रज फुलं तुडवतात आणि आपण किती संस्कारी असल्या भ्रमात पण राहू नकोस, हल्ली पुण्यातल्या लॉन्सवर इव्हेंटवाले छोट्या पोरींना पैठणीचे फ्रॉक घालून नवरीच्या पुढे गुलाबाच्या पाकळ्या उधळायला लावतात आणि मागून सगळं वऱ्हाड त्याच्यावरून चालत येतं. तुझ्या लेकीला तिथे उभी केली असती तरी ती खालीच बसली असती.

दिराला काही सांगायचं नाही. जावेने तिला बाजूला काढलंच नाहीये, नको असेल तर राहू दे म्हणाली, याला तू बाजूला काढणं म्हणतेस? तिला बिचारीला माहीतच नाही पोर का बसली ते. तिला वाटलं दमली. तू सगळ्यांसमोर काय सांगितलंस (तेही मी कापलं) तर "शी इज शाय", आणि गाडीत खरं कारण कळल्यावरही तिला सांगितलं नाहीस. जावेशी असलेल्या नात्यातलं पहिलंच खोटं, आणि तेही पोरीच्या नावावर.

तर एकच काम कर, आणि आज कर, उद्यावर नको कारण बारा दिवस बघता बघता जातात. संध्याकाळी जावेला व्हिडिओ कॉल लाव. तिला एवढंच सांग की हिला तुला काहीतरी विचारायचंय. मग फोन लेकीच्या हातात दे आणि तिला तिचा तोच प्रश्न विचारू दे, फुलांवर पाय का देतात. आजीचं निर्माल्याचं पण तीच सांगेल, तिला नीट सांगता येईल, इंग्लिश तुझ्यापेक्षा बरं असणार तिचं. मधे बोलायचं नाही, भाषांतर करायचं नाही, सॉरी म्हणायचं नाही. लग्न जावेचं आहे आणि प्रश्न लेकीचा आहे, त्या दोघी बघून घेतील. कदाचित भाची उधळेल आणि तुझी भरलेली बास्केट तशीच वेदीपर्यंत नेऊन नवरीच्या हातात देईल. (मी खरंतर दिवा सुचवणार होते, पण नेटचा फ्रॉक आहे, त्या चौदा ओळींमुळे एवढं तरी कळलं.) कदाचित ती म्हणेल मला नकोच, मी आजीजवळ बसते. मग फ्रॉक घालून आजीजवळ बसेल, फ्रॉक कुठे वाया जातोय.

फोन लावून दे आणि तू किचनमध्ये जाऊन चहा टाक. जाताना दार ओढून घे.