कयाकवरून मासेमारी: सामान आधी कमी करा

भाऊ, उजनी धरणाच्या पाण्यात कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद होडी) घालून मासेमारी करणार म्हणालात आणि न्यायच्या सामानाची यादी दिलीत, वाचून छान वाटलं. पण तुमच्या यादीतलं निम्मं सामान घरीच ठेवा. दोन रॉड, छोटा टॅकल बॉक्स (गळ, दोरा वगैरे ठेवायचा डबा), पक्कड, चाकू, प्यायचं पाणी आणि बर्फाची पेटी. सुरुवातीला एवढ्यावर भागतं.

जड वस्तू सीटच्या लगेच मागे, तळाला, मधोमध. टोकाला ठेवलीत तर कयाक वळायला जड जाते, एका अंगाला ठेवलीत तर कलते. मागे वळून काही काढायची वेळच येऊ देऊ नका, नवख्यांचा तोल बहुधा तिथेच जातो. पक्कड, चाकू हाताशी आणि छोट्या दोरीने बांधलेले. मोबाइल ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. लाइफ जॅकेट सामानात धरूच नका, ते अंगात हवं.

आता मासळी. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो, त्यात ओल्या पोत्यातली चिलापी दुपारपर्यंत टिकत नाही. म्हणून:

- जेवढी मासळी अपेक्षित, तेवढ्याच वजनाचा बर्फ घरून न्या.
- मासा लगेच मारा, कल्ल्याशी कापून रक्त काढा, मग बर्फाच्या थरांत ठेवा. वितळलेलं पाणी काढत राहा.
- पेटीच्या झाकणाला कडी हवीच. मरळ हवेतूनही श्वास घेते, जिवंत टाकलीत तर उसळून बाहेर येईल.

जाळीच्या पिशवीत मासे पाण्यात सोडणं स्वस्त पडतं, पण वल्हवताना ती ओढ घेते आणि पाणी तापलं की मासे मरतात.

सगळं लावून झालं की काठाजवळ, कंबरभर पाण्यात बसून बघा. कुठे हात पोचत नाही ते तिथेच कळेल. फिश फाइंडरचं, म्हणजे पाण्यातले मासे दाखवणाऱ्या यंत्राचं, नंतर बघू.